पॅकेज कुणाचं?

उबुंटू १६.०४ एप्रिल २०१६ मध्ये आली. पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार, म्हणजे २०२१ पर्यंत निर्धास्त, या हिशेबानं सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्कॅनिंगच्या खोलीत मी ती बसवली. ग्रंथालयाकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. कडा तपकिरी पडलेल्या, पान उलटताना तुकडा हातात येईल की काय अशी धास्ती. पानं स्कॅन करायची, टेसरॅक्ट या प्रोग्रामकडून त्यातला मजकूर काढून घ्यायचा आणि तो शोधता येईल असा साठवायचा, असं ते काम. स्कॅनिंग उत्तम चाललं होतं. निघणारा मजकूर मात्र वाचवेना.

छापील पान आणि त्यातून निघालेला मजकूर शेजारीशेजारी ठेवून ग्रंथपाल बाई तपासायला बसायच्या. हातात पेन्सिल. एकदा त्यांनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये. वऱ्हाडावरचा लेख आहे आणि सबंध लेखात वऱ्हाड हा शब्द शोधून सापडत नाहीये." खरंच सापडत नव्हता. कुठे 'वहाड', कुठे 'व-हाड', बहुतेक ठिकाणी 'वन्हाड'. अनुस्वारांची तर दाणादाण. १९६२ च्या नियमांआधीच्या त्या लेखनात 'कांहीं', 'घरांत', 'त्यानें' असे अनुस्वार जागोजागी आहेत. ते कधी गळायचे, कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचे. बाईंची पेन्सिल पानभर फिरायची. त्या म्हणाल्या, "हे दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी स्वतः टाइप करीन की."

टेसरॅक्ट ३ ची पद्धत अशी होती की शब्दाचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याचा आकार ओळखायचा. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, तिथे हे निभतं. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना एकत्र बांधते, वेलांट्या-उकार वर-खाली लटकतात आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनं एकमेकांत शिरतात. त्यात जुन्या खिळ्यांची छपाई, झिजलेले टाइप, पसरलेली शाई. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या टेसरॅक्ट ४ नं पद्धतच बदलली. त्यातलं न्यूरल नेटवर्क अख्खी ओळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचत जातं. तुकडे पाडण्याची पायरीच नाही. मराठीसाठी हा फरक जमीन-अस्मानाचा होता. पण उबुंटू १६.०४ मध्ये ३.०४ होती आणि अखेरपर्यंत ३.०४ च राहणार होती.

हे उबुंटूचं वैगुण्य नव्हे, हे आधी सांगते, कारण नव्या आवृत्तीच्या ओढीनं येणारे पुष्कळजण इथेच चिडतात. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यातले प्रोग्राम ठरावीक आकड्यावर थांबवलेले असतात. पुढे एखाद्या प्रोग्रामात भोक सापडलं तर नवी आवृत्ती आणत नाहीत, फक्त दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत शिवतात. म्हणूनच आकडा जुना दिसला तरी आतलं भोक बुजवलेलं असू शकतं. एका संस्थेच्या तपासणीत केवळ आकडा बघून 'कालबाह्य' असा शेरा मारला गेला होता. तेव्हा मी पॅकेजची बदलनोंद उघडून, ज्या ज्या भोकाचं नाव घेतलं होतं त्या प्रत्येकाची दुरुस्ती कोणत्या तारखेला आत आली ते दाखवलं. शेरा मागे घेतला गेला. ही स्थिर ठेवण्याची शिस्त आहे म्हणूनच माझ्यासारखी एकटी बाई पाच-सहा ठिकाणची यंत्रं सांभाळू शकते. रोज सकाळी उठून काय मोडलं ते बघावं लागत नाही.

पण ग्रंथालयाला ४ हवीच होती, आणि ती हौसेखातर नव्हे.

एक वाट म्हणजे मूळ प्रोग्राम उतरवून यंत्रावर स्वतः बांधणे. ते मला येतं आणि पूर्वी मी ते भरपूर केलं आहे. अडचण बांधण्यात नसते, बांधल्यानंतरच्या वर्षांत असते. स्वतः बांधलेल्या प्रोग्रामची खबर ॲप्टला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-सांभाळणाऱ्या साधनाला, नसते. दुरुस्ती आली तरी कुणी सांगत नाही. यंत्र माझ्याकडून दुसऱ्या कुणाकडे गेलं तर त्या माणसाला ते कुठून आलं, कोणते पर्याय देऊन बांधलं, काही कळत नाही. दुसरी वाट उबुंटू १८.०४ वर जाण्याची. तिथे ४ होती, पण बीटा अवस्थेतली. तिसरी वाट पीपीएची. लाँचपॅडवर कुणालाही आपलं पॅकेजांचं भांडार उघडता येतं आणि ते आपल्या यंत्राच्या यादीत एका ओळीनं जोडता येतं. टेसरॅक्ट ४ चं असं भांडार होतं, 'ॲलेक्स-पी' या खात्यावरचं.

जोडायला अर्धं मिनिट पुरतं. त्याआधी माझा बराच वेळ एका प्रश्नावर गेला: हे पॅकेज कुणाचं? टेसरॅक्ट प्रकल्पाच्या स्वतःच्या कागदपत्रांत उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांसाठी याच भांडाराकडे बोट दाखवलेलं होतं. ते चालवणारे अलेक्झांडर पोझ्द्न्याकोव हेच डेबियनमधल्या अधिकृत टेसरॅक्ट पॅकेजचेही सांभाळकर्ते. म्हणजे पुढच्या उबुंटूत जे येणार तेच हा माणूस मागच्या उबुंटूसाठी बांधून देत होता. शिवाय लाँचपॅडची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पीपीएत तयार बायनरी चढवताच येत नाही. सोर्स चढवायचा, बांधणी लाँचपॅडची यंत्रं करतात आणि बांधणीची नोंद कुणालाही उघडून बघता येते. मी ती उघडून बघितली. सगळं समजलं असं नाही, पण कोणता सोर्स, कोणती दुरुस्ती वरून लावली, एवढं कळलं.

मग जोडणी. ॲप्ट हो-नाही विचारण्याआधी यादी दाखवतं, आणि ती यादी नीट वाचणं हे या कामाचं निम्मं मर्म आहे. मला हवं होतं टेसरॅक्ट. यादीत लेप्टोनिकाही होती, चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी. टेसरॅक्ट ४ ला लेप्टोनिका किमान १.७४ लागते आणि १६.०४ मध्ये होती १.७३. म्हणजे एक प्रोग्राम बाहेरून घेताना त्याच्या पायाखालची फरशीही बदलली जाणार होती. त्या फरशीवर आणखी कोण उभं आहे? ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स चालवून पाहिलं. आमच्या यंत्रावर लेप्टोनिका वापरणारं टेसरॅक्टखेरीज कुणी नव्हतं. असतं तर मी तिथेच थांबले असते. मराठीच्या भाषा-फाइलीचं पॅकेजही त्याच भांडारातून घेतलं, कारण ३ च्या काळातली भाषा-फाइल ४ च्या नव्या इंजिनाला चालत नाही. जुनी फाइल राहिली तर प्रोग्राम नवा आणि वाचन जुनं, असा प्रकार होतो.

पहिलं पान बाहेर आलं तेव्हा बाईंनी आधी वऱ्हाड शोधला. होता. सगळीकडे होता. सगळं बिनचूक नव्हतं. खिळा झिजलेला असला की ष आणि प मध्ये गोंधळ व्हायचाच, आणि शेवटच्या ओळी जिथे शिवणीत गेल्या होत्या तिथे काहीच हाती लागत नव्हतं. पण बाईंची पेन्सिल आता पानावर ठिपक्याठिपक्यांनी फिरत होती, पूर्वीसारखी रेघारेघांनी नाही. काही दिवसांनी त्यांनी मला एका कथालेखिकेचं नाव दाखवलं. कुठल्याही सूचीत नसलेली, तीन वेगवेगळ्या खंडांत विखुरलेली तिची लेखनं शोधातून एकत्र आली होती. माझ्या कामाचं इतकं थेट फळ मला क्वचित बघायला मिळतं.

आता त्या आकड्यांविषयी. पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा लोक डोळ्यांवरून सरकवतात, मी तो अक्षर अक्षर वाचते. डेबियनच्या जगात आवृत्तीत तरंगरेघ, म्हणजे टिल्ड, आली की ती आवृत्ती त्या रेघेआधीच्या आकड्यापेक्षा खालची धरली जाते. डेबियन १२ च्या अधिकृत बॅकपोर्ट्समधलं पॅकेज घ्या. त्याच्या शेपटाला टिल्ड आणि 'बीपीओ१२' असं लिहिलेलं असतं. बॅकपोर्ट्स म्हणजे पुढच्या डेबियनमधलं पॅकेज मागच्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेलं. टिल्डमुळे ते पुढच्या डेबियनमधल्या मूळ पॅकेजपेक्षा केसभर कमी भरतं. त्यामुळे तुम्ही पुढच्या डेबियनवर गेलात की अधिकृत पॅकेज आपोआप मोठं ठरतं आणि आपली जागा परत घेतं. कुणाला काही करावं लागत नाही. बांधणाऱ्यानं पाहुण्याला आत घेतानाच त्याची परतीची वाट आकड्यात लिहून ठेवलेली असते.

याउलट काही भांडारांत आकडे असे फुगवलेले असतात की पुढच्या दोन-तीन अधिकृत आवृत्त्यांनाही ते मागे टाकतील. ॲप्ट स्वतःहून कधी खाली उतरत नाही. मग यंत्र नव्या डेबियनवर जातं, भांडार बंद होतं, आणि त्या भांडारातलं एक पॅकेज वर्षानुवर्षं बिनदुरुस्तीचं चिकटून राहतं. सगळ्या यंत्रावर हिरवं दिसत असतं आणि हे एक मागे राहिलेलं असतं. दुसऱ्यानं उभारलेलं यंत्र माझ्याकडे आलं की मी आधी ॲप्टला विचारते, कोणत्याच भांडारात नसलेली पॅकेजं कोणती? ती यादी त्या यंत्राचा इतिहास सांगते. कधी काय लागलं, कोणतं भांडार बंद पडलं, कुणी काय अर्धवट सोडलं, सगळं तिच्यात असतं. आवृत्ती बांधणारा माणूस किती पुढचा विचार करतो हे मला त्या एका टिल्डवरून कळतं, आणि भांडार घ्यावं की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

उरलेला निम्मा निकाल चावीवर. डेबियनचं पॅकेज बसताना त्याच्यासोबत आलेल्या स्क्रिप्टा रूटच्या अधिकारानं चालतात. म्हणजे भांडार जोडणं म्हणजे ते चालवणाऱ्याच्या हातात यंत्राच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या देणं, फक्त आजच नव्हे, तर पुढच्या प्रत्येक अद्ययावतीकरणाच्या वेळी. डिजिटल सही एवढंच सांगते की पॅकेज त्या चावीवाल्याकडूनच आलं. तो भला की बुरा हे सही सांगत नाही. पूर्वी ॲप्ट-की नावाच्या आज्ञेनं चावी जोडली की ती सगळ्याच भांडारांसाठी चालायची. एका छोट्या भांडाराची चावी खुद्द डेबियनच्या नावानं आलेल्या पॅकेजवरही मान्य झाली असती. आता ती पद्धत मोडीत निघाली आहे. प्रत्येक भांडाराच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून त्याची चावी त्याच्यापुरती बांधता येते. माझ्याकडच्या सगळ्या यंत्रांवर मी तसंच ठेवते आणि दुसऱ्यांनाही आग्रहानं सांगते.

माणसं बदलतात, पत्तेही बदलतात. २०१३ च्या जूनमध्ये डेबियननं जाहीर सूचना काढली होती: 'डेबियन-मल्टिमीडिया डॉट ऑर्ग' ही ओळ आपल्या यादीतून काढून टाका. ध्वनी-चित्रफितींच्या पॅकेजांसाठी ते अनधिकृत भांडार जगभर वापरलं जाई. चालवणारे दुसऱ्या नावावर गेले, जुन्या नावाची मुदत संपली आणि ते नाव डेबियनला ठाऊक नसलेल्या कुणीतरी विकत घेतलं. असंख्य यंत्रं मात्र रोज त्या जुन्या दारावर जाऊन 'काही नवं आहे का' विचारतच होती. चावीच्या सहीमुळे लगेच अनर्थ झाला नसता, पण सही न तपासणारं एखादं यंत्र असतंच. ही गोष्ट मी शिकाऊ मुलांना हमखास सांगते. भांडाराची ओळ लिहिली की ती आपण विसरतो, यंत्र विसरत नाही.

म्हणून माझ्या प्रत्येक भांडाराच्या फाइलीत, ओळीच्या डोक्यावर, हॅशचं चिन्ह टाकून मी मराठीत टीप लिहिते. ग्रंथालयाच्या फाइलीत होतं: 'मासिकांच्या ओसीआरसाठी टेसरॅक्ट ४. अधिकृत ४.१ मिळाली की काढणे.' पुढे कोण, कधी, का हे कुणाला शोधत बसावं लागू नये.

ते काढायची वेळ ठरल्याप्रमाणे आली. १८.०४ वर जाताना उबुंटूचा अपग्रेड बाहेरची भांडारं आपण होऊन बंद करतो. पीपीएत १८.०४ साठी बांधलेली पॅकेजं तयार होती, म्हणून ती ओळ पुन्हा चालू केली. एप्रिल २०२० च्या उबुंटू २०.०४ मध्ये टेसरॅक्ट ४.१.१ अधिकृतच आलं. अपग्रेडच्या आधी पीपीए-पर्ज चालवलं. हे साधन बाहेरून आलेली पॅकेजं उतरवून अधिकृत आवृत्तीवर आणतं. मग वर गेलो. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये टेसरॅक्ट ५ आलं आणि त्याचंही पीपीए त्याच खात्यावर उपलब्ध होतं. बाजूच्या यंत्रावर काही पानं काढून बघितली. वेग वाढला होता, पण मराठीची भाषा-फाइल तीच, त्यामुळे वाचनात आम्हाला मोजावा असा फरक दिसला नाही. घेतलं नाही. वाचन अजून सुधारावं म्हणून 'बेस्ट' नावाची मोठी भाषा-फाइल टेसरॅक्ट प्रकल्पाच्या साठ्यातून तेवढी आणली. ती निव्वळ डेटा आहे, रूट म्हणून काही चालवत नाही. बाहेरचं सगळं एकाच पारड्यात घालू नये, ते इथे पटतं.

बाहेरचं भांडार मला दुसरीकडेही लागलं. एका पतसंस्थेचा सर्व्हर सेंटओएस ७ वर होता, पीएचपी ५.४ सह. हिशेबाच्या प्रोग्रामला पीएचपी ७ ची मालिका हवी होती. तिथे रेमी कोले यांचं भांडार जोडलं. फेडोरातली पीएचपीची पॅकेजं वर्षानुवर्षं सांभाळणारा हा फ्रेंच माणूस. त्यांच्या भांडारात नवी पीएचपी जुनीच्या शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायची सोय आहे. जुनीला धक्का लागत नाही आणि नको वाटली तर नवी अलगद निघते. ते कधी त्रासाचं झालं नाही. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपला आणि पाठोपाठ त्याच्या मिररांची यादी देणारा पत्ताही बंद झाला. खालची जमीनच गेली की वरचं भांडार कितीही चांगलं असून उपयोग नसतो. आम्ही त्याआधीच हललो होतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसची गोष्ट मात्र पुन्हा ग्रंथालयाचीच, आणि मला फार जवळची. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले ग्रंथपाल सर तरुण आणि चिकाटीचे. त्यांनी सूचीच्या संगणकावर बोट ठेवलं, "मॅडम, संगणकाची यादी आणि कार्डपेटी जुळत नाही. वाचक कार्डांच्या क्रमानं शोधतात आणि पुस्तक नाही म्हणून परत जातात." त्यांच्या कार्डपेटीत शीर्षकं लावताना अनुस्वार जमेस धरत नाहीत, म्हणून जुनं 'नांव' आणि नवं 'नाव' शेजारी असतात. क्ष आणि ज्ञ यांची जागा अगदी शेवटी, ळ च्याही नंतर. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि ती मोडायची सरांची तयारी नव्हती. माझीही नव्हती. पोस्टग्रेस १६ पासून आयसीयू या लायब्ररीच्या आधारे अकारविल्हेचे आपले नियम आपण लिहू शकतो: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, अनुस्वार मोजू नये. पण सूचीच्या संगणकावरची डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली, पोस्टग्रेस १५ घेऊन. १६ आली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तीन महिन्यांनी चुकामूक.

इथे बाहेरचं भांडार निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. पोस्टग्रेस प्रकल्पाचं स्वतःचं ॲप्ट-भांडार आहे आणि ते चालवणारे क्रिस्टोफ बर्ग हे डेबियनमधल्या पोस्टग्रेस पॅकेजांचेही सांभाळकर्ते. ते जोडणारी स्क्रिप्ट तर डेबियनच्याच पोस्टग्रेस-कॉमन पॅकेजात येते. दार बाहेर उघडतं, पण ते डेबियननंच बसवलेलं आहे. तरी पंक्तिभेद करावा लागतो. ॲप्ट सहसा प्रत्येक भांडाराला ५०० गुण देतं, डेबियनला ५०० आणि बाहेरच्यालाही ५००. बरोबरी झाली की मोठा आकडा जिंकतो, आणि बाहेरच्याचा आकडा मोठा असणारच, त्याचसाठी तर तो आणलेला असतो. मी प्रेफरन्सेसच्या फाइलीत त्या भांडाराला १०० वर बसवलं. मागितलेलं तेवढं तिथून येतं, त्याच्या दुरुस्त्याही येतात, पण डेबियनमध्ये असलेल्या एखाद्या पॅकेजावर ते आपण होऊन कुरघोडी करत नाही. आणि पॅकेज मागताना 'पोस्टग्रेसक्यूएल-१६' असं आकड्यासकट नाव घेतलं. त्या भांडारातलं नुसतं 'पोस्टग्रेसक्यूएल' घेतलं असतं तर पुढच्या सप्टेंबरात १७ आपोआप उतरून शेजारच्या ५४३३ या पोर्टवर रिकामा डेटाबेस उघडून बसली असती.

नियम लिहून झाला, सूची नव्यानं लावली. सरांनी कार्डपेटीचे खण एकामागून एक बाहेर काढले आणि पडद्याशी ताडून पाहिले. क्षितिज, क्षेत्र, ज्ञानकोश, ज्ञानेश्वरी, सगळी ओळीनं शेवटाला. सरांचा चेहरा खुलला होता.

मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाची बातमी आली तेव्हा मी सगळ्या यंत्रांवरून एक फेरी मारली. आँद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच एका जाणत्या विकसकाला एसएसएचनं आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तो खोदत गेला आणि एक्सझेड ५.६.० व ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत ते पोचलं होतं, स्थिर शाखेत नव्हतं. माझ्या यंत्रांना काही झालं नाही. पण एक गोष्ट लख्ख झाली. ते चोरदार कुठल्या आडवाटेच्या भांडारातून आलेलं नव्हतं. ते राजमार्गानंच, मूळ प्रकल्पातून आलं होतं, आणि थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याच्या शेजारी विश्वास कमावत बसलेल्या कुणीतरी ते घातलं होतं. अधिकृत म्हणजे सुरक्षित आणि बाहेरचं म्हणजे धोक्याचं, असं सरळ गणित नाही. ज्या पॅकेजामागे दोन-चार जागी माणसं आहेत, जिथे कुणीतरी अर्ध्या सेकंदासाठी खोदत बसतं, ते माझ्या दृष्टीनं भरवशाचं.

पुष्कळजण आता म्हणतात, कंटेनर घ्या, हा सगळा खटाटोप संपला. कंटेनरचे फायदे खरे आहेत आणि मी ते वापरतेही. पण त्याची प्रतिमा कुणीतरी बांधलेली असते, तिच्या पोटात कुणाची तरी पॅकेजं असतात आणि ती कधी पुन्हा बांधली गेली हे तपासावंच लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली. पोस्टग्रेस १७ आणि टेसरॅक्ट ५.५, दोन्ही अधिकृत. सर म्हणाले, "बाहेरचं भांडार नीट चाललंय की, मग काढायचं कशाला?" मी म्हटलं, कारण ज्यासाठी आणलं ते आता घरात आहे. १६ चा डेटाबेस १७ वर हलवला. आयसीयूही नवी होती, म्हणून सगळे इंडेक्स पुन्हा बांधले आणि खण काढून क्रम परत एकदा ताडला. मगच ती फाइल उडवली. सध्या सरांना मोडी दप्तरांचा ध्यास लागला आहे. टेसरॅक्टच्या अधिकृत भाषा-फाइलींत मोडी नाही, तेव्हा आता कुणी काय शिकवून ठेवलं आहे आणि ते कोण सांभाळतं आहे, याची चौकशी मी सुरू केली आहे.